जुनी नोट : किंमत आणि मूल्य

आमच्या महाविद्यालयात तीसेक वर्षे शिपाई म्हणून काम करून निवृत्त झालेले मामा एका दुपारी मराठी विभागात आले. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत लग्नपत्रिकेचे जुने पाकीट होते आणि पाकिटात नोटा. एक रुपयाच्या अकरा, दोन रुपयांच्या चार, मागील बाजूस ट्रॅक्टर असलेल्या पाच रुपयांच्या दोन आणि २०१६ साली बाद झालेली हजाराची एक. "सर, तुम्ही लोक जुन्या पोथ्या बघता. या जरा बघा. खऱ्या किमतीला किती जातील?" विभागात त्या वेळी आम्ही दोघेच होतो. आमच्यापैकी एकाला नोटा जमवण्याचा छंद विद्यार्थिदशेपासून आहे. दुसऱ्याचा अभ्यासविषय पाठचिकित्सा. मामांनी आपला प्रश्न योग्य दारी आणला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रश्नामागची हकीकत त्यांनी सावकाश सांगितली. मोबाइलवर एक चित्रफीत आली होती. ट्रॅक्टरच्या नोटेला काही लाख रुपये मिळतात, असे तीत सांगितले होते. दिलेल्या क्रमांकावर त्यांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने आदराने बोलून नोटांची छायाचित्रे मागवली, भाव ठरवला आणि 'नोंदणी शुल्क' म्हणून काही हजार रुपये घेतले. आता 'कर' म्हणून आणखी मोठी रक्कम मागितली जात होती. ती भरण्यासाठी मामा पतसंस्थेतली ठेव मोडण्याच्या विचारात होते. ठेव मोडण्याआधी कुणाला तरी विचारावे, इतके शहाणपण त्यांनी दाखवले होते.

उत्तर एका वाक्यात देता आले असते. पण ते वाक्य मामांना पटण्यासाठी नोटेची किंमत कशी ठरते हे समजावून सांगणे भाग होते. ते सांगताना आमच्या लक्षात आले की, आपण वर्गात हस्तलिखिते आणि आवृत्त्यांबद्दल जे शिकवतो, त्याहून हे फारसे निराळे नाही. प्रस्तुत लेख त्या दुपारच्या बोलण्यातून निघाला आहे.

प्राचीनतेचा भ्रम

जुने ते मोलाचे, ही समजूत साहित्याच्या अभ्यासकालाही सुटत नाही. पोथी जितकी जुनी तितका तिचा पाठ शुद्ध, असे नवख्या संशोधकाला वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, त्या कामाचा पहिला धडाच असा की, प्रतीचे वय आणि प्रतीचे मोल या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. प्रत कोणत्या परंपरेतली, तिच्या भावंडांपैकी किती उरल्या, ती कोणत्या अवस्थेत आपल्या हाती आली, हे पाहावे लागते. नोटेचेही तसेच आहे.

मामांच्या पाकिटातली हजाराची नोट घेऊ. ती बाद झाली, म्हणजे दुर्मीळ झाली, असा त्यांचा तर्क होता. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा चलनात असलेल्या अशा नोटांची एकूण किंमत १५.४१ लाख कोटी रुपये होती. रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालानुसार त्यांतील ९९.३ टक्के रक्कम परत आली. बाहेर राहिले सुमारे १०,७२० कोटी रुपये. टक्केवारीत हा आकडा नगण्य दिसतो. पण त्या सगळ्या हजाराच्या नोटा आहेत असे मानले, तरी त्यांची संख्या दहा कोटींवर जाते आणि पाचशेच्या मानल्या तर वीस कोटींवर. ज्या वस्तूच्या किमान दहा कोटी प्रती माळ्यावर, धान्याच्या डब्यात आणि देवघरातल्या पोथीत पडून आहेत, तिला दुर्मीळ कसे म्हणावे?

येथे कायद्यातली एक नोंद विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे. या रद्द नोटांविषयी २०१७ मध्ये झालेल्या कायद्याने सामान्य माणसाला अशा दहापर्यंत नोटा बाळगण्याची मुभा दिली. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र या कारणांसाठी ती मर्यादा पंचवीस आहे. चलन म्हणून मेलेल्या कागदाला संग्राह्य वस्तू म्हणून दुसरा जन्म असू शकतो, हे कायद्यानेच मान्य केले आहे.

प्रत आणि पाठभेद

संग्राहक नोट वाचतो, म्हणजे प्रथम ती कोणत्या छपाईतली हे ठरवतो. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी स्थापन झाली. तिची पहिली नोट, पाच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्ये निघाली. पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ १९३७ मध्येच पायउतार झाले होते, त्यामुळे त्यांची सही एकाही नोटेवर नाही. पहिल्या नोटांवर सही आहे ती दुसरे गव्हर्नर जेम्स टेलर यांची. टेलर यांच्यानंतर आले चिंतामणराव देशमुख. मराठीच्या विद्यार्थ्याला ते मेघदूताचे अनुवादक म्हणून ठाऊक असतात. संग्राहकाला सहाव्या जॉर्जच्या चित्राशेजारची त्यांची सही ठाऊक असते. १९७० मध्ये मे ते जून असे जेमतेम सहा आठवडे गव्हर्नरपदी राहिलेल्या बी. एन. आडारकर यांच्या सहीच्या, गांधी जन्मशताब्दीनिमित्त काढलेल्या नोटा आजही शोधून घेतल्या जातात. त्याच चित्राच्या, त्याच रंगाच्या, पण त्यांच्या आधी गव्हर्नर असलेल्या एल. के. झा यांच्या सहीच्या नोटा त्या मानाने सहज मिळतात. चित्र तेच, कागद तोच. फरक एका सहीचा. यालाच आपण पाठभेद म्हणतो.

एक रुपयाच्या नोटेची कुळी मुळातच निराळी. ती भारत सरकारची, म्हणून तिच्यावर वित्त सचिवाची सही असते, आणि धारकाला रक्कम देण्याचे जे वचन इतर नोटांवर छापलेले असते ते तिच्यावर नसते. मनमोहन सिंग यांची सही या दोन्ही कुळींत सापडते : १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वित्त सचिव म्हणून एक रुपयावर, आणि १९८२ ते १९८५ या काळात गव्हर्नर म्हणून इतर नोटांवर.

पाठभेदाचे सर्वांत गोड उदाहरण व्याकरणाचे आहे. प्रजासत्ताक झाल्यावर अशोकस्तंभाच्या नोटांवर हिंदीला ठळक स्थान मिळाले आणि 'रुपया' या शब्दाचे अनेकवचन काय, असा वाद उभा राहिला. आरंभीच्या काही नोटांवर 'दो रुपया' असे एकवचन आहे. पुढे निर्णय 'रुपये' या रूपाच्या बाजूने लागला. म्हणजे शुद्धलेखनाची एक दुरुस्ती नोटेच्या दोन आवृत्त्या वेगळ्या करते आणि संग्राहकांच्या सूचींत त्या दोहोंची नोंद स्वतंत्र होते. विभक्ती आणि वचन यांना बाजारात भाव नाही, अशी तक्रार करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.

भाषांची पट्टी हाही असाच पुरावा. कोंकणी व नेपाळी १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आल्या आणि त्यानंतर नोटेवरही आल्या; आता मागील पट्टीत पंधरा भाषा असतात. हैदराबाद संस्थानाने १९१८ पासून काढलेल्या नोटांवर उर्दूच्या जोडीने मराठी, तेलुगू व कन्नडला जागा होती. मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या पेटीत अशी नोट सापडली, तर ती आपल्या भाषेच्या राजकीय इतिहासाचाही कागद आहे.

अलीकडच्या नोटांत खुणा बारीक होत गेल्या. १९९६ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी मालिकेत क्रमांकाच्या चौकटीत एखादे इंग्रजी अक्षर असते किंवा नसते. २००५ पासून मागील बाजूस छपाईचे वर्ष येऊ लागले. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि पुढे नोटांवर आले. २००६ पासून काही क्रमांकांच्या मध्ये एक चांदणी दिसते. पूर्वी छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी त्याच क्रमांकाची नवी नोट छापावी लागे, म्हणजे शंभरांचे बंडल अखंड राही. ती मेहनत वाचवण्यासाठी चांदणीच्या वेगळ्या मालिकेतली नोट त्या जागी घालण्याची पद्धत आली. प्रथम ती दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत होती. तारांकित नोट म्हणजे गाळलेल्या पृष्ठाच्या जागी शिवलेले पृष्ठ. तिचे प्रमाण कमी म्हणून तिला मागणी. परंतु प्रत्येक तारांकित नोट दुर्मीळ नसते. तिच्यातही वर्ष, अक्षर आणि सही पाहावी लागते.

काय टिकते, काय उरत नाही

नोट किती छापली यापेक्षा किती उरली हा प्रश्न निर्णायक ठरतो. रिझर्व्ह बँकेने काढलेली सर्वांत मोठी नोट दहा हजारांची, १९३८ ची. ती जानेवारी १९४६ मध्ये रद्द झाली, १९५४ मध्ये हजार व पाच हजारांच्या नोटांबरोबर परत आली आणि जानेवारी १९७८ मध्ये या तिन्ही पुन्हा रद्द झाल्या. आज त्या इतक्या दुर्मीळ का? १९३८ साली दहा हजार रुपये म्हणजे केवढी संपत्ती! एवढ्या किमतीचा कागद आठवण म्हणून कोण ठेवील? मुदत संपण्यापूर्वी ज्याने त्याने तो बँकेत भरला. एक रुपयाची नोट मात्र कुणीही सहज पुस्तकात ठेवून विसरू शकतो.

आमच्या मते नोटांच्या इतिहासातले हे सर्वांत अर्थपूर्ण सूत्र आहे : लोकांना जे गमावणे परवडले, तेच टिकून राहिले. म्हणून संग्राहकाच्या वहीत स्वस्त नोटा भरपूर, महाग नोटा विरळा. दुर्मीळतेच्या तक्त्यात समाजाची गरज उलटी लिहिलेली असते.

कधी शासनाचा हेतूच नोटेला विरळ करतो. सोन्याच्या तस्करीला आळा घालण्यासाठी १९५९ मध्ये आखाती प्रदेशांकरिता निराळ्या रंगाच्या नोटा निघाल्या. त्याच वर्षी हज यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा काढल्या गेल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'एचए' ही अक्षरे असत. पुढे त्या देशांनी आपापले चलन आणले, या नोटा परतल्या आणि नष्ट झाल्या. ज्या उरल्या, त्या कुणाच्या तरी प्रवासाच्या सामानात राहून गेलेल्या. आज त्यांना मोठी किंमत येते ती या परत जाण्यामुळे.

उलट, मामांच्या ट्रॅक्टरच्या नोटा आणि 'सागर सम्राट' या तेलखोदाई नौकेचे चित्र असलेल्या एक रुपयाच्या नोटा प्रचंड संख्येने छापल्या गेल्या आणि घरोघरी राहिल्या. एक रुपयाची छपाई १९९४ मध्ये थांबली (ती २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली), तेव्हा तर लोकांनी त्या मुद्दाम जपल्या. मुद्दाम जपलेली वस्तू सहसा दुर्मीळ होत नाही. दोन हजारांच्या नोटेचे भवितव्यही तेच दिसते. मे २०२३ मध्ये ती चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली आणि ९८ टक्क्यांहून अधिक रक्कम परत आली. परंतु जी नोट प्रत्येकाने 'एक तरी ठेवू' म्हणून ठेवली, तिचा वारस पन्नास वर्षांनी श्रीमंत होईल असे आम्हांस वाटत नाही.

कोरेपणाचा प्रश्न

'कोरी करकरीत' हा शब्दप्रयोग मराठीत आधीपासून आहे. जगभरच्या संग्राहकांची श्रेणीपद्धती या दोन शब्दांपासूनच सुरू होते. न हाताळलेली, घडी नसलेली, कोपरे टोकदार असलेली नोट सर्वांत वरची. मग एखादी हलकी मोड, मग दोन-तीन घड्या, मग मऊ पडलेला कागद, आणि अखेर फाटकी, डागाळलेली. नाण्यांसाठी अमेरिकेत बेतलेली सत्तर गुणांची मोजपट्टी आता नोटांनाही लावतात, आणि नोट तपासून, गुण देऊन, पारदर्शक वेष्टनात बंद करून देणाऱ्या व्यावसायिक संस्था आहेत. सामान्य नोटेत हा कोरेपणाच सर्वस्व असतो. घडीची एक रेघ तिची किंमत निम्म्याहून खाली आणू शकते. खरोखर दुर्मीळ नोटेत मात्र तो दुय्यम होतो, कारण तेथे पर्यायच नसतो. एकमेव पोथीला वाळवी लागली म्हणून ती कोणी टाकून देत नाही.

आपल्याकडचा एक खास तपशील येथे सांगितला पाहिजे. बँका पूर्वी नोटांच्या बंडलांना टाचण्या मारत. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये हे थांबवण्यास सांगितले. त्यामुळे त्याआधीच्या भारतीय नोटेला टाचणीची छिद्रे असणे स्वाभाविक आहे. नवखा ग्राहक छिद्र पाहून नाक मुरडतो. जाणकाराला ठाऊक असते की ती जन्मखूण आहे. उलट जुन्या नोटेला इस्त्री केली, साबणाने धुतली, चिकटपट्टी लावली, की तिचा पुरावा पुसला जातो. उजेडाकडे तिरकी धरून पाहिली की दाबलेली घडी दिसतेच. हस्तलिखितात नंतरच्या हाताने केलेली 'सुधारणा' आपण जशी ओळखतो, तशीच ही.

मागणी नावाचा वाचक

विरळपणा आणि अवस्था या दोहोंनी भागत नाही, वाचक लागतो. झिंबाब्वेने २००९ मध्ये एकावर चौदा शून्ये असलेली, शंभर ट्रिलियन डॉलरची नोट काढली. २०१५ मध्ये ते चलन गुंडाळताना ३५ क्वाड्रिलियनला एक अमेरिकी डॉलर हा दर ठरला, म्हणजे ती नोट एका सेंटचीही नव्हती. तरीही संग्राहकांनी तिच्यासाठी त्याच्या कैकपट पैसे मोजले. ती दुर्मीळ होती म्हणून नव्हे. एका देशाच्या चलनाचा विनाश एका कागदावर वाचता येतो, म्हणून.

श्रद्धाही मागणी निर्माण करते. शेवटी ७८६ असलेली नोट पुष्कळांना शुभ वाटते. आपल्याकडे एका मालिकेत दहा लाख क्रमांक असतात. त्यांत शेवटी ७८६ असलेल्या हजार नोटा येतात, तर नेमका ०००७८६ हा क्रमांक एकदाच. सहाही आकडे सारखे असलेल्या नोटा एका मालिकेत नऊच. हे गणित शाळकरी आहे, पण ते केले असता फसवणुकीचे अर्धे दरवाजे बंद होतात. भावना खरी असते. तिच्या आधाराने सांगितलेला लाखाचा भाव खरा नसतो.

मग किंमत ठरते कशी? आमचा अनुभव असा की, कुणी किती मागतो याला काडीचाही अर्थ नाही. प्रत्यक्ष विक्री कितीला झाली हे पाहावे. तीच नोट, तीच सही, तीच अवस्था असलेली निदान दोन-तीन उदाहरणे लिलावांच्या निकालांत शोधावीत. आणि एक साधा नियम : विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. जुन्या नोटांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहावे, आपण असा कोणताही व्यवहार करीत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे.

हे निवेदन आम्ही मामांना वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले. मग विचारले, "म्हणजे यांचं काहीच येणार नाही?" ट्रॅक्टरच्या नोटा मळलेल्या होत्या, दोन रुपयांच्या घडीवर विरलेल्या, हजाराची तर कोटींतली एक. जाणकार विक्रेता फार तर दर्शनी किमतीच्या आसपास काही देईल, असे आम्ही खरे ते सांगितले. गेलेल्या पैशांची तक्रार नोंदवायला आमच्यापैकी एक जण त्यांच्याबरोबर गेला. ते पैसे परत आले नाहीत. ठेव मात्र मोडली गेली नाही.

जाण्यापूर्वी मामांनी एक रुपयाच्या अकरा नोटा वेगळ्या काढल्या. त्यांतल्या एकीवर हळदीकुंकवाचा डाग होता. थोरल्या मुलीच्या लग्नात आहेराच्या पाकिटांतून या नोटा निघाल्या होत्या : एकावन्न, एकशे एक, त्यांतले वरचे एकेक. आपल्याकडे आहेराची रक्कम शून्यावर थांबवत नाहीत. छपाई बंद होती त्या काळातही लोक या नोटांसाठी बँकेत ओळख काढत, ते या वरच्या एकासाठी. नोट तपासणारी कोणतीही संस्था त्या डागाळलेल्या नोटेला सर्वांत खालची श्रेणी देईल, आणि तिच्या मोजपट्टीनुसार ते बरोबरच असेल.

मराठीत किंमत आणि मूल्य हे दोन शब्द आहेत, आणि समीक्षेच्या तासाला आपण त्यांतला फरक विद्यार्थ्यांना घोटून घोटून सांगतो. किंमत ठरवायला दुसरी प्रत लागते, बाजार लागतो, गिऱ्हाईक लागते. ती नीट ठरवता येणे ही विद्या आहे आणि ती सर्वांना यावी, कारण ती न येणाऱ्याला लुबाडणे फार सोपे असते. पण त्या विद्येचा खरा उपयोग असा की, ती किमतीचा प्रश्न निकालात काढते आणि मग वस्तूकडे शांतपणे पाहता येते. मामांनी त्या अकरा नोटा पुन्हा लग्नपत्रिकेच्या पाकिटात ठेवल्या. बाकीच्या आमच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "पोरांना शिकवायला ठेवा." विभागाच्या कपाटात त्या आता आहेत. पाठभेद शिकवण्याच्या दिवशी आम्ही त्या बाहेर काढतो.